टेबलाखालची खूण

आई,

रक्त काढण्याआधी मी क्रूसाची खूण करते ना, कपाळ, छाती, खांदे, ते आज एका पेशंटने पाहिलं. "ताई, हात बसलाय ना? की सगळं देवाच्या भरवशावर?" अख्खी लॅब हसली. मीही हसले. पुढच्या पेशंटच्या वेळी मात्र मी टेबलाखाली, अंगठ्यानं तळहातावर क्रूस काढला.

आणि तू आठवलीस. कॉलेजच्या कँटीनमध्ये खाण्याआधी तू खूण करायला हात उचललास, तेव्हा मी म्हटलं होतं, "मैत्रिणींसमोर नको ना गं!" मग तू क्रूस असाच टेबलाखाली काढलास. मला दिसलं होतं, तरी मी मैत्रिणींशी बोलत राहिले.

हे पत्र टाकत नाही. रविवारी येते, तुला बाहेर जेवायला नेते. भरल्या हॉटेलात आधी मी खूण करीन. मग तुझा हात कुठे असतो ते बघते.

तुझी,
थोरली