बिननावाची लेक

रविवार, हेश्वान ७

कालही पळालो! प्रार्थनाघराचा कारभारी लाझेर नावं पुकारायला उठला आणि मी शेकोटीमागे जाऊन उभा राहिलो — जणू तिथलाच एक ओंडका. लेक तीन आठवड्यांची झाली, अजून तिला नाव नाही. बापाने तोराच्या, आपल्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीपुढे जायचं, आशीर्वचन मोठ्याने म्हणायचं आणि लेकीचं नाव सांगायचं. एवढंच काम. एवढंच! पण ज्याची जीभ साधं "पाव" म्हणतानाही अडून बसते, त्याने काय करावं?

बायकोला, बेइलाला, तिच्या वारलेल्या आईचं नाव ठेवायचंय. पेर्ल. म्हणजे पुन्हा 'प'च.

घरी आलो तर म्हणाली, "मी तिला 'अगं ए' म्हणते. पुढे तिच्या लग्नाच्या कागदावरही तेच घालू या."

सोमवार, हेश्वान ८

दुकानात टोपी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचं होतं, कापड पावसात आटेल. "का-का-का—" इथवर पोचलो. तो म्हणाला, "काळी? हो, हो, काळीच द्या." दिली काळी टोपी.

म्हणून ही वही. ही माझं वाक्य पुरं करत नाही.

बुधवार, हेश्वान १०

रेब झुसमान त्यांच्या गुरूंकडे, रेबेंकडे, जाऊन परतले. दरवर्षी साबणाची भट्टी बंद ठेवून जातात. टोपीची कड सैल झाली म्हणून आले होते. त्यांना सगळं सांगितलं. सांगेपर्यंत चहा गार झाला, पण म्हाताऱ्याने एकही शब्द माझ्या तोंडातून काढून घेतला नाही. गावात असा हा एकच माणूस.

म्हणाले, "रेबे सांगतात, रोज गावाबाहेर जा. झाडांत. एकटा. आणि देवाशी बोल. पुस्तकातलं नाही — तुझ्या भाषेत, लेकरू बापाशी बोलतं तसं. लाकडं ओली आहेत, बायको रागावलीय... काहीही चालतं."

"आणि अ-अडलो तर?"

"तर अड."

देवापुढेही जीभ अडते का? दिवसभर हेच डोक्यात. टोपी शिवताना दोनदा सुई टोचली.

गुरुवार, हेश्वान ११

गेलो! गिरणीच्या मागे, बर्चच्या बनात. आधी फार वेड्यासारखं वाटलं. घसा खाकरला. "आज चिखल फार आहे," म्हटलं. मग बोलतच सुटलो — बुटाचा तळ, शेजाऱ्याची शेळी, बेइलाचं गप्प बसणं, माझी भीती... एकदाही अडलो नाही! एकदाही नाही! मोठ्याने ओरडलो, पेर्ल! पेर्ल! कावळे उडाले.

धावत घरी आलो. बेइला दारातच होती. "काय झालं?"

"प-प-प-प—"

झालं.

शुक्रवार, हेश्वान १२

आजही गेलो. जीभ लोण्यासारखी.

रविवार, हेश्वान १४

एक विचार आलाय तो जात नाही.

दुकानात एकटा असतो तेव्हा मी नीट बोलतो. मांजराशीही नीट बोलतो. अडतो ते कोणी ऐकत असलं की. मग बनात एवढा सरळ कसा बोलतो?

तिथे कोणी ऐकत नाही का?

प्रार्थनेला गेलो, ओठ हलवले, परत आलो.

सोमवार, हेश्वान १५

झुसमानना विचारलं. भट्टीपुढे उभे होते. ढवळायची काठी त्यांनी खाली ठेवली. वाटलं, आता झाडणार मला. पण हात पुसून माझ्याकडे वळले.

"हे मला कधी सुचलंच नाही रे!" — आणि चेहरा असा, की जणू कोणी नवी गोष्ट सांगितलीय.

"म-मग खरं काय?"

"मला काय माहीत? चाळीस वर्षं त्याच्याशी बोलतोय, कधी विचारलं नाही. तू जात राहा, नाफ्तोली. कळलं तर मला येऊन सांग. आधी मला हं, बाकीच्यांना नंतर!"

"आणि न-नावाचं?"

"प्रार्थनाघरात ऐकणारे आहेत, यात तर शंका नाही ना? तिथे अडशीलच. अड. ते थांबतील. सगळ्यांना भराभर उरकून घरी पळायचं असतं — एक दिवस थांबले तर तीही प्रार्थनाच."

मंगळवार, हेश्वान १६

चुलीकडे तोंड करून बेइला म्हणाली, "एस्तेर ठेवू या. 'ए'वर तुम्ही अडत नाही. आई काही रागावणार नाही."

माझ्या जिभेसाठी ती आईचं नाव सोडायला निघाली! घास उतरला नाही.

गुरुवार, हेश्वान १८

सकाळी शेकोटीमागे गेलो नाही. पुढच्या बाकावर बसलो. लाझेरने माझं नाव पुकारलं — आधी दुसऱ्याचं पुकारणार होता, मला बघून दचकला.

आशीर्वचनाचा पहिलाच शब्द 'ब'चा. ब-ब-ब... मागून कोणीतरी शब्द पुरवला. झुसमाननी बाकावर मूठ आपटली. मग मी आणि तो 'ब', दोघंच. घाम मानेवरून खाली उतरत होता. कोणाचं तरी पोट गुरगुरलं. पण कोणी हललं नाही. शब्दामागून शब्द ओढत शेवटपर्यंत नेलं.

लाझेर वाकून हळूच म्हणाला, "पेर्ल ना? मी म्हणू?"

मान हलवली. नाही.

"प-प-प... पेर्ल!"

पडद्यापलीकडून बायकांतून पहिला "आमेन" आला. बेइलाचा! लाझेरचा आशीर्वाद अजून पुरा व्हायचा होता. सगळे हसले. मीही.

घरी बेइला लेकीला मांडीवर घेऊन म्हणाली, "ऐकलंस का? प-प-पेर्ल! आजीपेक्षा तुझंच नाव लांब."

मग पदराआड तोंड करून खूप रडली.

शुक्रवार, हेश्वान १९

पहाटे हिव पडलं होतं. आभार मानायला बनात गेलो. तोंड उघडलं — "प-प-प—"

अडलो.

मागे वळून पाहिलं. झाडांमागे जाऊन पाहिलं. हिवावर माझ्याच बुटांच्या खुणा, दुसऱ्या कोणाच्या नाहीत.

टोपी सारखी केली. आणि अडखळत, अडखळत बोलायला लागलो.