गाऱ्हाण्यात गाळलेलं नाव

खालची वाडी, ता. मालवण
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप दादास,

सारिकाचा नमस्कार. नमस्कार तुझ्या वयाला आहे, वागण्याला नाही.

तुझ्या-माझ्या घरात एक दगडी गडगा आणि दोन माड, तरी पोस्टाने पत्र पाठवतेय. पोस्टमन हसेल, हसू दे. मी दिसले की तू दार लावतोस, फोन उचलत नाहीस, मग दुसरं काय करू? शिवाय पुस्तकी मराठीत लिहिलं की माझी जीभ जरा ताब्यात राहते. मालवणीत सुरू केलं असतं तर पहिल्याच ओळीत तुझा उद्धार झाला असता.

इकडे सगळं ठीक. चतुर्थी बुधवारवर आली. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधायला कवंडळाची फळं हवीत, ती आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी राधाबाई आणून देणार आहे. पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि शाळेची दोन कौलं गळतायत. नऊ मुलं, चार इयत्ता, शिकवायला मी एकटी. हे सगळं तुला माहीत आहे. माहीत असलेलंच आधी लिहितेय, कारण पुढचं लिहायला धीर गोळा करायचाय.

शाळेच्या व्हरांड्यातला नकाशा उतरवायचा हुकूम झालाय. शाळा समितीचा अध्यक्ष विनीत परवा येऊन म्हणाला, "बाई, पोरांका पाढे शिकवा. जहाजां कसली शिकवतास?" मी म्हटलं, माझ्या चौथीच्या पोरांना सतराचा पाढा येतो, तू म्हणून दाखव. पाढा सोडून त्याने उद्या सभा लावली आहे. नकाशा मी उतरवणार नाही, हे आजच सांगून ठेवते. हवा तर त्यांनी व्हरांडाच उचलून न्यावा.

तू त्या नकाशाकडे पाठ करून जातोस, म्हणून सांगते त्यात काय आहे. 'जलवंती' नावाचं शिडांचं प्रशिक्षण जहाज जुलैअखेर कोचीहून निघालं. कोलंबो, फुकेत, सिंगापूर आणि परत. त्यावर तीस कॅडेट आहेत आणि त्यात आपली संचिता आहे. तुझी मुलगी. वर्षभर तू तिचं नाव काढत नाहीस, म्हणून नातं लिहून आठवण करून दिली. दर सोमवारी जहाजावरून शाळांसाठी निरोप येतो. जहाज कुठे आहे, वारा कुठला, दिवसाला किती मैल कापले, तांदूळ किती उरला. त्यावरून माझी पोरं अक्षांश-रेखांश शिकली, भागाकार शिकली. जो मुलगा जूनमध्ये शाळेत यायला रडायचा तो आता सोमवारी माझ्याआधी दारात उभा असतो. तिसरीतल्या एकाने उलट निरोपात विचारलं, "ताई, जहाजार शेवटचो बाक खंय आसता?" संचिताने उत्तर पाठवलं की शेवटचा बाक म्हणजे भांडी घासायची पाळी.

निरोपाच्या शेवटी एक ओळ माझ्यासाठी असते. "आत्या, बाबा काय म्हणाले?" मी दर वेळी कळवते, बाबा बरे आहेत.

आता नारळी पौर्णिमेचं बोलू. दर्याला नारळ सोडताना गाऱ्हाणं घालून राखण मागायचा मान आपल्या घराचा, बाबांनंतर तुझा. पाण्यावर असलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात घ्यायचं, ही आपली रीत. त्या दिवशी तू सगळ्या होड्यांची नावं घेतलीस. मस्कतला मोठ्या बोटीवर असलेल्या निलेशचं नाव घेतलंस. ज्याच्याशी तुझी कोर्टात केस चालू आहे त्याच्या ट्रॉलरचंही घेतलंस. संचिताचं घेतलं नाहीस. वहिनीने पदर तोंडाला लावला तो मी पाहिला, तू पाहिलास की नाही कोण जाणे.

आणि मग चौथीतली किशोरी पुढे आली. लोक म्हणतात बाईंनी पढवून उभी केली. देवाशपथ, मी काही सांगितलं नव्हतं. ती आपणहून वाळूत पाय रोवून ओरडली, "बा दर्या म्हाराजा! आमच्या संचिताताईचां जहाज तुझ्या पाठीर आसा रे म्हाराजा!" आणि मागून माझी आठही पोरं, "व्हय म्हाराजा!" "काय इडापिडा असात ती दूर कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" माणसं खवळली. पोरीच्या जातीने गाऱ्हाणं घातलं, तेही मानकऱ्याच्या तोंडावर! विनीतचा हुकूम पाढ्यांसाठी नाही, त्या गाऱ्हाण्यासाठी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी किशोरीला माफी मागायला लावणार नाही. तिने चुकीचं काय केलं? ज्याचं काम होतं त्याने केलं नाही, तिने केलं.

तू नारळ ठेवून सरळ घरी गेलास. मला वाटलं, संपलं. हा माणूस दगड झाला.

पण दादा, त्यानंतरच्या रविवारी काय झालं ते मला ठाऊक आहे.

सोमवार ते सोमवार जहाज कुठे असेल हे आम्ही गणित करून टाचणी सरकवतो. दिवसाला एकशे चाळीस मैल. मी शिकवलं, एक मैल म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटर. सुकाणी म्हणून बावीस वर्षं जहाजं चालवणाऱ्याची बहीण मी, आणि सागरी मैल त्याहून लांब असतो हे मला माहीत नव्हतं! कोलंबो सोडल्यापासून आमची टाचणी रोज मागे पडत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. सोमवारी सकाळी शाळा उघडली तर टाचणी तीन बोटं पुढे. मी पोरांवर चिडले, खोड्या कोणी केल्या म्हणून. तासाभराने निरोप आला. जहाज बरोब्बर त्या टाचणीखाली होतं.

टाचणीभोवती पेन्सिलीचं बारीक वर्तुळ होतं. तसली वर्तुळं तुझ्या जहाजावरच्या जुन्या डायऱ्यांत मी वर्षानुवर्षं बघत आलेय. राधाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "दादा इल्ले रविवारी दुपारी. चष्मो लावन अर्धो तास उभे होते. माका म्हणाले, बाईक सांगू नको." तिने दोन दिवस पोटात ठेवलं, तिच्या मानाने खूप झालं.

पौर्णिमेच्या शुक्रवारी देवासमोर जिचं नाव गाळलंस, तिची टाचणी रविवारी चोरून पुढे सरकवलीस. ती मागे पडलेली तुला बघवली नाही ना? मग एवढा ताठा कोणाला दाखवतोस?

आता खरं ते लिहिते. चार पानं झाली, यापुढे टाळणं बरं नाही.

तुझा राग ती दर्यावर गेली याचा नाही, हे तू गावभर सांगितलंस. "पोरगी माझी सही चोरून गेली. चोर पोर माझी न्हय." तिच्या अर्जावर पालकांची संमती लागत होती. तू नाही म्हणालास. तरी 'सत्यवान' अशी तुझ्या नावाची सही झाली. दादा, ती सही संचिताने केली नाही. मी केली. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पेनाने. पोरगी म्हणत होती, आत्या नको, बाबा मोडून पडतील. मी ऐकलं नाही. आणि तू तिला चोर म्हणालास तेव्हा ती माझं नाव वाचवायला गप्प राहिली. मीही गप्प राहिले. ती माझी लाज. त्या गप्प बसण्याची तुझी आणि तिची माफी मागते.

सहीची मात्र मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन. आणि सही मारायला मला शिकवलं कोणी? नववीत गणितात गटांगळी खाल्लीस तेव्हा प्रगतिपुस्तकावर बाबांची सही पाचवीतल्या सारिकाकडून कोणी करून घेतली? दोन लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्यास.

हे पत्र आजच का, तर या सोमवारच्या निरोपात वारा होता, मैल होते, तांदूळ होता. शेवटची ओळ नव्हती. बाबा काय म्हणाले, हे तिने पहिल्यांदाच विचारलं नाही. दादा, ते वाचून मला घाबरायला झालं.

बुधवारी आपल्या घरच्या गणपतीसमोर गाऱ्हाणं तू घालणार. मी येणार आहे, दार लाव नाहीतर उघड. माझ्याबरोबर नऊ पोरं येणार आहेत. तू तिचं नाव घेतलंस तर ती "व्हय म्हाराजा" म्हणतील. तू गाळलंस तर मी घेईन, आणि तरी म्हणतील. शिव्या द्यायच्या तर मला दे, चोर मी आहे. पण तिला सोमवारी काय कळवू, ते तू सांग. 'बरे आहेत' मी आता लिहिणार नाही.

या वेळी स्वतःच्याच नावाने सही करणारी
तुझी धाकटी बहीण,
सारिका