शिरप्याच्या मागावर मी

११ फेब्रुवारी, रविवार
आज आयुष्याला कलाटणी मिळाली. वेळ दुपारी १.२०. नोंद असावी.
करमाळ्याकडं मोठ्या सिनेमाचं शूटिंग लागलंय. इंग्रजांच्या काळातला अट्टल चोर शिरप्या आणि बारा वर्षं त्याच्या मागावर असलेला फौजदार. घोडे, बंदुका, किल्ला, सगळं. माणसं पुरवायचं काम आपल्या बाळासोकडं. शाळेत माझ्या वर्गात होता, गणितात माझ्याही मागं. त्यानं माझा फोटो डायरेक्टर मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, हा फौजदाराच्या सीनला चालेल.
घरी येऊन आप्पांना सांगितलं, फौजदार मिळाला. सीनचं सांगायचं घाईत राहिलं. उद्या दुरुस्त करतो.
आप्पा एकतीस वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रिळं चढवली, उतरवली. म्हणाले, जन्मभर लोकांची पोरं पडद्यावर दाखवली, आता आपलं पोरगं बघायचं. डोळ्यांत पाणी. माझ्या पण आलं, पण मी टॉवेलच्या कंपनीत कामाला, ते तिथल्या धुरळ्यानं असावं. मग काठी घेऊन बाहेर पडले. अर्ध्या तासात गल्लीभर पेढे. माझ्या दहावीच्या निकालाला पेढे आणले नव्हते. (त्याची कारणं वेगळी होती.)

१२ फेब्रुवारी, पहाटे ५.००
आजपासून रोज पाच किलोमीटर पळणं. भात बंद. शेंगाचटणी अर्धा चमचा. नजर करारी ठेवणं.

१२ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
जाग आत्ता आली. कंपनीची बस गेली. पळणं उद्यापासून. फौजदार लोक तसेही घोड्यावर असतात.

१५ फेब्रुवारी
घोड्याची प्रॅक्टिस. घोडेवाल्या अभिमन्यूचा वरातीचा घोडा तासभर मिळाला. अडचण एकच, तो बँड वाजल्याशिवाय पाऊल टाकत नाही. मोबाईलवर बँड लावला तर नाचायला लागला. इंग्रजांच्या काळात नाचत्या घोड्यावरून चोर धरले जायचे का, हे बघावं लागेल.
पडलो. पण मी अजून बसलोच नव्हतो, रिकिबीत पाय टाकत होतो, त्यामुळं घोड्यावरून पडलो असं म्हणता येणार नाही.
जगदेवीनं कमरेला शेक दिला. बायकोनं नवऱ्याला धीर द्यावा. ही म्हणाली, घरात झुरळ निघालं तर पलंगावर चढताव, चोर कसला धरताव?

१८ फेब्रुवारी
बाळासोचा फोन. फौजदाराचं काम मुंबईचा हिरो करणार म्हणे. मी हवालदार. हे आधीच बोलायला काय झालं होतं, असं विचारलं तर म्हणतो, तुला फौजदार म्हटलं कुणी बे?
शांतपणे विचार केला. फौजदार नुसत्या ऑर्डरी देतो. खरा पाठलाग हवालदारच करतो. म्हणजे काम वाढलंच.
आप्पांना आज सांगणार होतो. पण ते सलूनवाल्याला घरी घेऊन आले होते, माझ्या मिशा फौजदारी करायला. इतक्या खुशीत असलेल्या माणसाला काय सांगायचं? उद्या नक्की.

२१ फेब्रुवारी, सकाळी, करमाळ्याजवळ
हवालदाराच्या कोटाची बटणं लागेनात. चौघांनी ओढून बघितलं. इंग्रज कापडात काटकसर करत असणार.
शेवटी मला धोतर आणि बंडी दिली. आता मी घरमालक. जेवायला बसलोय. शिरप्या पुढच्या दारानं घुसतो, मागच्या दारानं पळतो. पाठोपाठ फौजदार येतो. मी घाबरून खाली मान घालून जेवत राहायचं, एक शब्द बोलायचा नाही. म्हणजे अख्ख्या सिनेमात चोराला आणि फौजदाराला एकाच ठिकाणी भेटणारा माणूस मीच. सगळी कथा माझ्या घरातून जाते.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
सविस्तर लिहितो, उगीच गैरसमज नकोत.
पहिला टेक. शिरप्या दार लाथाडून आत आला, दातांत सुरा. मी म्हणालो, या जेवायला.
कट. मॅडमनी समजावलं, तो जीव घेऊन पळतोय, तुम्ही घाबरलेले आहात. म्हटलं, कळलं.
दुसरा टेक. या जेवायला.
आता यात माझा काय दोष? आपण ताटावर बसलोय, समोर माणूस उभा आहे, आणि या जेवायला म्हणायचं नाही? घास उतरेल का नरड्याखाली? आप्पांनी लहानपणी याच्यावरून एकदा कान पिळला होता. तेव्हापासून विसरलो नाही. मॅडम मुंबईच्या. त्यांच्याकडं दार लावून जेवत असतील.
पाचव्या टेकला ओठ घट्ट मिटले. शिरप्या आला, गेला, मी गप्प. सगळ्यांनी श्वास रोखलेला. तेवढ्यात पिस्तूल घेऊन फौजदार आला. तो तर सरकारी माणूस. या जेवायला, साहेब.
सातव्या टेकला मराठी आवरलं. तर आतून आमच्या आईचं कन्नड निघालं, बर्री, ऊटा माड्री, म्हणजे तेच, या, जेवा. मॅडमनी डोकं धरलं. बाळासो लांब जाऊन उभा राहिला, ओळख नसल्यासारखा.
नवव्या टेकला मीच युक्ती काढली. तोंडात अर्धी भाकरी कोंबली. शिरप्या आला. बोलता येईना, तर हातच पुढं झाला, ताटाकडं, घ्या म्हणून. शिरप्या झालेल्या त्या पोरानं खरंच तुकडा उचलला आणि पळाला. मॅडम ओरडल्या, हे ठेवा, हे ठेवा! मग कॅमेरा माझ्या ताटापाशी आणला. म्हणाल्या, काका, आता तुम्ही काहीही बोला, आम्ही फक्त हात घेतोय.
नुसत्या हातावर अभिनय घेणं ही फार वरची पायरी असणार. एकूण अकरा भाकरी गेल्या. परतीच्या गाडीत पोटात दुखत होतं.

२ मार्च
आप्पांना खरं सांगायला बसलो. सुरुवात चांगली झाली. म्हणालो, आप्पा, मी घरात जेवतोय आणि फौजदार आत येतो. आप्पा म्हणाले, फौजदार तर तू, मग तू तुझ्याच घरात कसा येतूस? मी म्हणालो, डबल रोल.
का म्हणालो, कळत नाही. तोंडातून निघून गेलं. दुपारपर्यंत गल्लीत झालं होतं. शेजारच्या बजाबाई विचारून गेल्या, दुसरा रोल चोराचा का?

१९ जुलै
आप्पांचा मोतीबिंदू वाढलाय. कॅलेंडर हाताला लागेपर्यंत दिसत नाही. मला बघून काल म्हणाले, कोण, सोमशेखर का गॅसवाला? डॉक्टर तीन वर्षांपासून ऑपरेशन करा म्हणतात, आप्पा भीतीनं नको म्हणतात.
फार वाईट वाटतं. पण परमेश्वर सगळं विचार करूनच करतो. थेटरात शेजारी बसून कानात सांगत राहायचं, हा मी, हा पण मीच. कुणाचं काय बिघडलं? मी ऑपरेशनचा आग्रह कधी केला नाही. वडिलांच्या मनाविरुद्ध जाऊ नये.

३ नोव्हेंबर
सिनेमाची तारीख लागली. २९.
सकाळी चहा पितापिता आप्पा म्हणाले, डोळा करून घेतो. माझा कप बशीत आदळला. म्हटलं, थंडीत कशाला, जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाल्यावर बघू. म्हटलं, वय बघा. म्हटलं, शेजारच्या गल्लीत एकाला त्रास झाला होता. (नाव विचारलं, सांगता आलं नाही.) आप्पा म्हणाले, एकतीस वर्षांत लोकांना कधी धुरकट पिक्चर दाखवला न्हाय मी. माझ्या पोराचं तोंड धुरकट बघू व्हय?
जगदेवी भाकरी थापायची थांबून माझ्याकडं बघत होती. मी पेपर उलटा धरला होता, हे नंतर कळलं.

१४ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. आत नेताना आप्पांनी माझं बोट धरलं होतं, गच्च. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, सुई बघून पांढरा पडणारा, आणि कशासाठी हे सगळं? लाज वाटली. बाहेरच्या बाकड्यावर रडलो. धुरळा बिरळा काही नव्हता.
ठरलं. ते बाहेर आले की लगेच खरं सांगायचं.

१४ नोव्हेंबर, दुपारी
डॉक्टर म्हणाले, दहा-बारा दिवस ताण द्यायचा नाही. त्यांना डोळ्यावरचा म्हणायचा असेल, पण ताण तो ताण. वैद्यकीय सल्ला मोडता येत नाही.

२२ नोव्हेंबर
दुसरी पाळी मागून घेतली. आमचे गुरुराज साहेब दोनदा विचारून खात्री करून घेत होते, कारण दुसरी पाळी आजवर कुणी मागितलेली नाही. चिंचोळीच्या कंपनीतून मी परततो तेव्हा आप्पा झोपलेले. मी उठतो तेव्हा ते काळा चष्मा घालून कट्ट्यावर. समोरासमोर गाठ अशी पडतच नाही. कामाचा व्याप फार आहे.

२७ नोव्हेंबर
आप्पांनी थेटरात अख्खी एक रांग धरलीय. गल्लीतले बावीस जण. जगदेवी म्हणाली, अजून वेळ गेली न्हाय, सांगून टाका की. मी म्हणालो, उद्या. ती म्हणाली, फेब्रुवारीतला उद्या का नोव्हेंबरातला?
एक मार्ग आहे. ताप.

२८ नोव्हेंबर
काखेत कांदा धरून दोन तास झोपलो. ताप ९७.४. कांद्याचे पोहे झाले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
दुपारचा शो. आप्पांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. थेटरात अंधार झाल्यावर काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि सरळ बसले. फौजदार पहिल्यांदा घोड्यावरून आला तेव्हा रांगेतून चुळबूळ ऐकू आली. बजाबाई पुढं वाकून माझ्या तोंडाकडं बघायच्या, मग पडद्याकडं, मग परत माझ्याकडं. इंटरवलला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.
मग माझा सीन आला. ताट, आमटी, भाकरी आणि एक हात. हात पुढं होतो, शिरप्या तुकडा उचलतो, पळतो. लोक हसले, टाळ्या पण पडल्या. चार सेकंद. मी मोजले. आप्पा हलले नाहीत.
सिनेमा सुटला. गल्लीतले सगळे एकदम घाईत होते. एकट्या बजाबाई थांबून म्हणाल्या, हात चांगला आला होता हो.
घरी आलो आणि उभ्या उभ्या सगळं ओकलो. फौजदार, हवालदार, बटणं, डबल रोल, दुसरी पाळी, कांदा पण. म्हटलं, आप्पा, तुम्ही डोळा कापून घेतलात आणि मी नऊ महिने खोटं बोललो. जगदेवी आत निघून गेली.
आप्पांनी काळा चष्मा काढला. म्हणाले, हितं बस, ट्यूबखाली. बसलो. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसायलाच पाहिजे होती.
त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. लई वेळ. मग कपाळावरून, कानाजवळच्या केसांवरून अंगठा फिरवला.
म्हणाले, म्हातारा झालास की रं.
मी म्हणालो, आप्पा, सत्तेचाळीस पूर्ण झाले मला.
म्हणाले, ठाऊक हाय की. पण दिसलं आज.