बाईची उलटी चाल

३ मार्च, सकाळी
प्राणिसंग्रहालयात डायरेक्टरसाहेबांची मीटिंग. आमची हत्तीण, म्हणजे बाई, म्हातारी झाली म्हणे. तिला रिटायर करून हत्तींच्या अभयारण्यात पाठवायचं. मोकळी जमीन, तळं, इतर हत्तिणी. मी तिचा माहूत. म्हटलं, बाईचं इतर हत्तिणींशी पटत नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तिला दुसरी हत्तीण भेटलीय कधी? ही काय विचारायची पद्धत झाली.
निश्चय: बाई जाणार नाही. तिच्या भल्यासाठी. माझा यात काडीचा स्वार्थ नाही.

४ मार्च
बाईला सगळं समजावलं. दिवसभर मान डोलवत होती, म्हणजे पटलं. मॅडम म्हणतात, डोलणं हे कंटाळ्याचं लक्षण, काँक्रीटवर उभं राहून पायही गेलेत. मी बोलतो तेव्हा बायकोही अशीच मान डोलवते. ती काय कंटाळलीय?

५ मार्च
बायको म्हणाली, जाऊ द्या की, सुटेल बिचारी. कोणापासून ते विचारलं नाही.

९ मार्च
आयडिया! न्यायला लोखंडी पेटी येणार. सगळे तिला पेटीसमोर उभं करून 'चल' म्हणणार. तर बाईला शिकवायचं, 'चल' म्हणजे मागे. बसा ओरडत. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

१६ मार्च
प्रगती उत्तम. मागे पाऊल टाकताना तिचा पाय दुखतो, दिसतं मला. तरी माझा शब्द खाली पडू देत नाही. घरी जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२३ मार्च
'चल' म्हटलं की सरळ रेषेत मागे. मॅडमनी पाहून कौतुक केलं. कशाचं करतायत हे कळलं तर तोंडचं पाणी पळेल.

२ एप्रिल, संध्याकाळी
पेटी आली. ड्रायव्हर म्हणाला, हत्ती उलटाच चढवतात, म्हणजे उतरताना तोंड पुढे राहतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाईला पेटीकडे पाठ करून उभं केलं. मी तोंड घट्ट मिटून उभा. पण माणसांनी बांधायला साखळ्या बाहेर काढल्या, बाई घाबरली आणि माझ्याकडे बघायला लागली. माझ्याच्याने बघवेना. बोलून गेलो, घाबरू नको बाई, मी आहे ना, चल.
गेली. सरळ रेषेत, आत. टाळ्या पडल्या. साहेबांनी हात हातात घेऊन सांगितलं, असा निःस्वार्थ माणूस पाहिला नाही.

४ एप्रिल
तिच्या रिकाम्या जागेला झाडू मारला. दोनदा. रडू आलं. पण काळजी नाही. तिकडे 'चल' म्हणतील, ही मागे जाईल, सगळे हैराण होतील. झक मारत मलाच बोलावतील. बॅग भरून ठेवलीय.

११ एप्रिल
फोन नाही. तिकडे रेंज नसावी.

१४ एप्रिल
बायको म्हणते, बॅगेतला एक तरी शर्ट घाला. नाही घालणार. बोलावणं कधीही येईल.

१७ एप्रिल
शेवटी मीच फोन लावला. तिथल्या पोरीला म्हटलं, बाई 'चल' म्हटलं की मागे जात असेल, तुमची फार अडचण होत असेल, मी येऊन सगळं नीट करून देतो. ती म्हणाली, नाही हो काका, इथे तिला कोणी चल म्हणतच नाही. वाटेल तेव्हा वाटेल तिकडे जाते ती.
आणखी काही काम होतं का, विचारलं तिने. मी म्हटलं, नाही.