भैरवीच्या आधीची शाल

२६ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठे कलाकार लिहितात.
काल कनेरगाव नाक्यावर एका ढाब्याच्या उद्घाटनाला लाइव्ह कार्यक्रम. गायन आणि कीबोर्ड मी, ढोलकीवर फारुक. लिस्ट बारा गाण्यांची, शेवटी भैरवी. थंडी इतकी की बोटं माझी आहेत हे कीबोर्डला कळत नव्हतं. पाचव्या गाण्यात ढाबेवाला स्टेजवर आला. शाल घातली, नारळ दिला, माइक घेतला आणि म्हणाला, जेवण तयार हाय. सगळे उठले.
पाचव्याच गाण्याला सत्कार! पण भैरवी झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही, हे त्या रस्स्यात बुडालेल्या माणसाला कोण सांगणार?

३० नोव्हेंबर
दिपाची तारीख ठरली. २ फेब्रुवारीला हळद, ३ ला लग्न, तांड्यावर. मी जाहीर केलं, हळदीला माझा लाइव्ह कार्यक्रम. घरात कुणी टाळी वाजवली नाही. दिपा म्हणाली, डीजे. मी म्हणालो, प्रेमदास मास्तरच्या दारात डीजे माझ्या मेल्यावर. बायको, भिकाबाई, म्हणाली, लग्नाच्या घरात असं बोलू न्हाई.
शेवटी पोरीनं अट घातली. "बापू, या हिवाळ्यात एक तरी प्रोग्राम भैरवीपर्यंत करून दाखवा. मंग डीजे कॅन्सल."
एक! फक्त एक! पोटच्या पोरीला बाप कळलेला नाही.

३ डिसेंबर
संकल्प. पहाटे पाचला रियाज. दही बंद. मफलर चोवीस तास. फालतू माणसांशी बोलणं बंद.

४ डिसेंबर, सकाळी ८
रियाज केला. रजईतच, मनातल्या मनात. आवाज जपायचा असेल तर हीच पद्धत योग्य. बायकोनं कढी केली होती. कढी म्हणजे दही नव्हे.

९ डिसेंबर
फारुक रिहर्सलला आला नाही. त्याचं बाळापुरात रजया-गाद्यांचं दुकान. म्हणाला, "मास्तर, सीझन हाय. कापूस पिंजू का ढोलकी वाजवू?" थंडी पडली की खूश होणारा माणूस कलाकार असूच शकत नाही. तो शत्रूच्या बाजूचा आहे.

१६ डिसेंबर
काल डोंगरकडा. शाळेचं गॅदरिंग, उघडं मैदान, संध्याकाळ. पहिल्या गाण्यातच ढोलकीच्या पुडीचं कातडं गारठून सैल पडलं. फारुक ढोलकी शेकायला शेकोटीपाशी गेला आणि दोन गाणी तिथंच बसला. तिला कमी, स्वतःलाच जास्त शेकत होता. मी एकट्यानं किल्ला लढवला. तिसऱ्या गाण्याला मुख्याध्यापिका गौसिया मॅडम शाल घेऊन वर. म्हणाल्या, सर, फार छान, लेकरं कुडकुडून राहिलीत. लगेच राष्ट्रगीत. राष्ट्रगीताला उभं राहावंच लागतं. ही चाल मी ओळखली.
तरी हिशेब बघा. कनेरगावला पाचव्या गाण्याला सत्कार, इथं तिसऱ्या. म्हणजे कीर्ती आधी पोचायला लागली आहे.
परत येताना फारुक म्हणाला, "मास्तर, आपला सत्कार करून राहिले का आपल्याला उठवून राहिले, जरा बघा." बाळापूर येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. आल्यावरही नाही.

२२ डिसेंबर
विचार करून निष्कर्ष काढला. दोष आयोजकांचा. उपाय, आयोजक मीच. ५ जानेवारी, सकाळी सहा, बाजाराच्या मैदानात 'गुलाबी पहाट'. समिती नाही, मॅडम नाही, ढाबा नाही. मला शाल घालणार कोण? दिपाला सांगितलं, डीजेवाल्याला आत्ताच नाही म्हण. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आईवर गेली आहे.

५ जानेवारी, सकाळी ९
थंडीला गुलाबी कुणी म्हटलं असेल त्याला या मैदानात सहा वाजता सदऱ्यावर उभं करावं.
धुकं. श्रोते अकरा, सगळे शेकोटीभोवती, पाठी माझ्याकडे. पाठीसमोर गाणं फार थोड्यांना जमतं. मी गायलो. पहिल्या अंतऱ्यात दात वाजायला लागले, फारुक म्हणतो ठेका बरा होता. तेवढ्यात चहावाला कोंडीबा आला, अंगावरची स्वतःची शाल काढून मला गुंडाळली आणि म्हणाला, "मास्तर, काहून जीव देऊन राहिले? घरी जा." टाळ्या. शेकोटीभोवतीच्या अकरांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.
शालीला बिडीचा वास आहे. तरी तिसरी शाल.

१९ जानेवारी
कपाट उघडलं. शाली नाहीत! भिकाबाईनं घडी घालून आहेरात ठेवल्यात. म्हणे, नव्या घ्यायच्या काहून, घरात तीन पडून हायत. पडून! कनेरगावची व्याह्यांना, डोंगरकड्याची त्यांच्या भावाला. बिडीची धुऊन तिसऱ्या कुणाला. माझी कला आता व्याही हरिचंदरावांच्या खांद्यावर. दिवसभर कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२१ जानेवारी
दिपा म्हणाली, बापू, हळदीला एक गाणं म्हणा, मंग डीजे. अट मी हरलो असं तिला वाटतं. मी हो म्हणालो. मनात प्लॅन तयार. एकच गाणं ना? मग सुरुवातच भैरवीनं करीन. पहिलं गाणं भैरवी, शेवटचं गाणं भैरवी. कार्यक्रम पूर्ण. कोण अडवतो बघू.

२ फेब्रुवारी, हळद
संध्याकाळी सातला बसलो. आलाप सुरू केला. भैरवीचा आलाप घाईनं घेत नाहीत. डोळे मिटले होते. शब्दांवर यायच्या आत खांद्यावर काहीतरी पडलं. हरिचंदराव. शाल कनेरगावची, आहेरात त्यांना गेलेली, कडेला रस्स्याचा डाग, मी कुठंही ओळखीन. नारळ पुढं करायला भिकाबाई. फारुकनं ठेका थांबवून टाळी वाजवली. डीजे लागला, भिंत हादरली.
दिपाला गाठलं. हळदीनं माखलेली. म्हणाली, "मीच सांगितलं त्यायला. लोकं उठून चालले व्हते, बापू. सगळे उठायच्या आत तुमचा मान ठेवला."
मी खांद्यावरची शाल सारखी केली. डीजेत माझं बोलणं ऐकू आलं नसतं.

३ फेब्रुवारी
पाठवणी दुपारी. तांड्यावर पोरीनं जाताना स्वतः ढावलो, म्हणजे निरोपाचं रडगाणं, म्हणायची रीत आहे, आईबापाच्या गळ्यात पडून. मी गृहीत धरलं होतं, आजकालची पोरगी, दोन ओळी रडेल आणि गाडीत बसेल.
दिपानं माझ्या गळ्यात हात टाकले आणि गायली. माइक नाही, ठेका नाही. मांडवातलं कुणी उठलं नाही. डीजेवाला वायरी गुंडाळत होता, तो थांबला. फारुकनं मान खाली घातली. कुणी शिकवलं म्हणून मी भिकाबाईकडं बघितलं, तर तिचेच ओठ हलत होते.
तेवीस वर्षं ही पोरगी माझ्या घरात होती. गाते हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात गाणारा मी होतो.
पोर थरथरत होती. खांद्यावर कालची शाल होती, तिच्या अंगावर टाकावी म्हणून मी काढली. हात अर्ध्यात थांबवला. तिला वाटलं असतं, बस झालं.
शाल हातातच धरून उभा राहिलो. तिनं शेवटपर्यंत म्हटलं.
बाया म्हणाल्या, मास्तर, तुमी बी एक ओळ म्हणा. सूर लागला नाही. थंडीमुळे.
ऊन चांगलं तापलं होतं.