चव की डोळा

प्रिय चिमे,

डोळ्याखालच्या फोडाचं काय झालं, असं तू फोनवर विचारलंस आणि मी गॅसवर भांडं आहे सांगून फोन ठेवला. भांडंबिंडं काही नव्हतं. तो फोड नाही, कॅन्सर आहे. थांब, लगेच रडारड नको. भलताच अजब प्रकार आहे अगं!

कॅन्टीनच्या कढईपुढे उभं राहून तेल उडाल्याचे किती डाग पडले, आपण कधी मोजलेत? हाही त्यातलाच, असं मी धरून चालले. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. मी आपली वर्षानुवर्षं मलम चोपडतेय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस करत काय होतात? म्हटलं, तळत होते. हसू दाबता दाबता त्यांच्या नाकी नऊ आले.

हा कॅन्सर आळशी आहे म्हणे. सहसा अंगभर पसरत नाही, पण बसल्या जागी खात सुटतो. माझा डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचलाय. ऑपरेशन केलं तर डोळाही काढावा लागेल. किरणांचा शेक दिला तरी डोळ्याचा भरवसा नाही. उरली गोळी. तिने गाठ आकसली, तर मग छोटं ऑपरेशन आणि डोळा कदाचित वाचेल. गोळीलाही दाद दिली नाही, तर सलाइनमधून द्यायचं एक औषध आहे, ते आपल्याच अंगातल्या राखणदारांना जागं करतं.

गोळीचं ऐकून मी कान टवकारले. आईच्या पोटात बाळाचं नाकतोंड घडतं ना, तेव्हा पेशींना वाढण्याचा एक निरोप जातो. मोठेपणी तो जवळजवळ थांबतो. माझ्या गालात मात्र तो सुरूच राहिलाय, कुणी नळ उघडा टाकून जावं तसा. गोळी तो नळ बंद करते. मी विचारलं, मग हा निरोप अंगात दुसऱ्या कुणालाच लागत नाही का? बाई एकदम खूश! लागतो म्हणाल्या, केसांना आणि जिभेला. चव कळणारे कण जिभेवर सतत नवे होत असतात, ते याच निरोपावर. म्हणजे गोळी चालू असेपर्यंत केस विरळ होणार, पायात गोळे येणार आणि चव जाणार. बंद केल्यावर बहुतेकांची परत येते.

बहुतेकांची. केस काय, तसेही टोपीखालीच असतात. पण अख्खा कारखाना माझ्या हातचं जेवतो, आणि मी तळहातावर एक थेंब घेऊन चाखल्याशिवाय पातेलं उतरवत नाही. तुझे भाऊजी म्हणतात, मीठ मोजून घाल की! घ्या. टोमॅटो रोज एकसारखे आंबट असतात का, हे या माणसाला कोण समजावणार?

सोमवारी गोळी सुरू करतेय. डोळ्यासाठी. म्हणून हे पत्र, कारण फोनवर मागायला धीर होईना. रजा काढून ये. पातेल्याशी उभी राहा आणि काय कमी पडलंय ते मला सांग, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या जिभेवर माझा विश्वास नाही. आणि खरं सांगू, स्वयंपाकाची ही नुसती सबब. गाठ आकसलीच नाही, तर डोळाही जाईल आणि चवही. मला भीती वाटतेय गं. यांच्यासमोर मी हसत असते. तू आलीस की हसावं लागणार नाही.

तुझीच,
वाट बघणारी ताई