देवाचा शब्द, अनीशचे डोळे

११ फेब्रुवारी २०२४, रविवार
नेत्रपेढीत चौकशी केली. बुबुळासाठीच्या यादीत अनीशचा नंबर सातवा! तीन वर्षांपूर्वी एकेचाळिसावा होता. मी फोन ठेवून स्वयंपाकघरातच नाचले. सासूबाई ओरडल्या, "अगं बया, भाकर करपली!"
करपू दे!
अनीश नागापूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर होता, तेव्हा जंतुसंसर्ग झाला आणि दोन्ही बुबुळं पांढरी पडली. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी दर रविवारी इथे भिंगारला चर्चमध्ये पेटी तोच वाजवतो. बोटांना पाठ आहे म्हणतो. देवा, तुझे उपकार.

२ मार्च
शेजारच्या लंकाबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या, "तुमचा येशू लई सावकाश हाय बाई!" मला रागच आला. आई, म्हणजे सासूबाई, मात्र हसल्या — "सावकाश हाय, पर इसरभोळा न्हाई." मग लंकाबाईपण हसल्या.

३१ मार्च, ईस्टर
पहाटेची उपासना. चर्चच्या दारात आईंनी अनीशचा चेहरा ओंजळीत धरला. "देवानं शब्द दिलाय. माजं लेकरू बघंल." आई जामखेडकडच्या. एकदा बोलल्या की बोलल्या!
माझा एवढा विश्वास नाही. थांबायची भीती वाटते — हे असंच राहिलं तर? इथेच लिहिते, कुणाला सांगत नाही.

८ मे
पाचवा!

१९ जून
आई गेल्या. सकाळी चहा पिता पिता. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.
अनीश बराच वेळ त्यांचे पाय धरून बसला. मग म्हणाला, "नेत्रपेढीला फोन लाव. आईचे डोळे द्यायचेत. सहा तासांच्या आत."
पेढीच्या बाई आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन हात जोडले — "त्यांच्याच मुलाला बसवा ना!" त्या म्हणाल्या, "साहेबांना विचारून बघते."
अनीशनं ऐकलं. "विचारू नका, ताई. माझ्या पुढे चौघं आहेत. तेही देवाकडे मागतच असतील ना?"

२० जून
आईंना माती दिली. अनीशशी दिवसभर बोलले नाही. सख्ख्या आईचे डोळे! घरात होते, आणि यानं जाऊ दिले.
संध्याकाळी बघते तर आईंचं लुगडं मांडीवर घेऊन बसलेला. घडी जमत नव्हती. दुसरं टोक मी धरलं.

२३ जून, रविवार
अनीशनं पेटी वाजवली. एकदाही चुकला नाही. लंकाबाई पहिल्यांदाच चर्चमध्ये आल्या — मागच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन. "तुमच्या सासूसाठी, आमच्या बनुबाईसाठी आले," म्हणाल्या. बरं वाटलं. किती माणसं दिलीस रे देवा!

२८ जून
पेढीतून फोन. आईंचे डोळे दोघांना बसले. नावं सांगत नाहीत. दोघांनाही दिसायला लागलंय!
अनीशनं तीनदा विचारलं, "नक्की दिसतंय?"
"अरे हो, दिसतंय."
मग रडला. आई गेल्यापासून पहिल्यांदा. रडता रडता हसला, म्हणाला, "विनया, पुढच्या दोघांना दिसलं, म्हणजे देव विसरत नाही. आता मला थांबायची भीती वाटत नाही."
मलाही नाही.